उजवी बाही

मी शिंपी. धुळ्यात आग्रा रोडला माझं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, एक मशीन, एक फळी आणि वर पत्रा. पण गिऱ्हाईक लांबून यायचं, कारण माझी एक ख्याती होती. अंग कसंही वेडंवाकडं असो, माझं कापड त्याच्यावर सरळ बसायचं. पोक आलेल्या म्हाताऱ्याची बंडी मी अशी बेतायचो की पाठीमागून चालणाऱ्याला पोक दिसू नये. लोक म्हणायचे, याच्या हाताला गुण आहे. मीही फुगायचो. आज कोणी तसं म्हणालं तर त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणायचो, सोनगीरला दिलेली होती. धुळ्याहून मोटारीने तासाभराची वाट. सासरी कापडाचं दुकान, नवरा गल्ल्यावर, सासू घरात आणि सासूची जीभ गावभर. त्यांच्या दुकानात ज्या तयार बंड्या आणि पैरणी विकल्या जायच्या, त्या मी शिवायचो. दर बाजाराच्या दिवशी गठ्ठा घेऊन सोनगीरला जायचं, माल टाकायचा, अक्काच्या हातचा चहा प्यायचा आणि परतायचं. मागे तांबटांची ठकठक चाललेली असायची, तिच्यात आम्ही दोघं काय बोलतो ते सासूला ऐकू जायचं नाही. अक्काला मूल नव्हतं. दाजींना दुसरी बायको करावी असं त्या घरात अधूनमधून कोणीतरी बोलायचं, आणि अक्का ऐकून भाकरी थापत राहायची. त्या काळी दुसरी करायला कायद्याची आडकाठी नव्हती आणि लाजेची तर मुळीच नव्हती.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या तीनेक वर्षं आधीची गोष्ट. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात तशी अक्का आमच्याकडे आली. बाकीच्या बायका झोक्यावर बसून गाणी म्हणत होत्या आणि ही घरात बसून. माझ्या बायकोने न्हाणीत तिचं उजवं थान बघितलं आणि भिजल्या हातांनी तशीच माझ्याकडे आली. सुपारीएवढी गाठ होती. अक्काला ती गेल्या दिवाळीपासून माहीत होती. का गं सांगितलं नाहीस, म्हटलं, तर म्हणाली, "कोणले सांगू?"

धुळ्यात एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाई आपल्याच, मराठी बोलणाऱ्या, चष्म्यातून माणसाकडे अशा बघायच्या की खोटं बोलायची हिंमत होऊ नये. मला झाली, ते पुढे येईलच. त्यांनी कॅन्सर हा शब्द उच्चारला, आम्ही तो पहिल्यांदाच ऐकला. दाजी आले, व्हरांड्यात तंबाखू मळत बसले, ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवला आणि संध्याकाळच्या मोटारीने परत गेले. बाईंनी थान काढलं आणि काखेतल्या गाठीही काढल्या.

अक्का उठून बसायला लागली तेव्हा बाईंनी मला समोर बसवून समजावलं. काखेतून हाताचं पाणी परत अंगात नेणाऱ्या बारीक वाटा असतात, त्या गाठींबरोबर गेल्या. आता हातात पाणी साचू शकतं. कोणाचा हात फुगतो, कोणाचा नाही, आणि का ते नीट कळत नाही. त्यांनी ऑपरेशन केलेल्या बायकांची त्या एक वही ठेवायच्या, प्रत्येकीच्या दोन्ही हातांची मापं लिहून. म्हणाल्या, "हात फुगलेला डोळ्याला दिसतो ना, तेव्हा फार उशीर झालेला असतो. मापाला आधी कळतं. लवकर आली तर हात उशीवर उंच ठेवून, बोटांपासून वर घट्ट पट्टी बांधून मी तो उतरवू शकते. दोघींचा उतरवलाय. उशिरा आल्या त्यांचा नाही उतरला." मग माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघून हसल्या. "गावातल्या बायका दर महिन्याला माप द्यायला येत नाहीत. तुमच्या बहिणीचं तुम्ही घ्याल?"

आमच्या धंद्यात पुरुष शिंपी बाईचं माप घेत नसे. बायका जुनी चोळी मापाला पाठवायच्या. पण सख्ख्या बहिणीला कसला पडदा. मी माझ्या बापाच्या पद्धतीने माप घ्यायचं ठरवलं. कागदाची लांब पट्टी हाताभोवती फिरवायची आणि टोक जिथे मिळेल तिथे कात्रीने खाच पाडायची. मनगटाची एक, कोपराखालची एक, दंडाची एक. डाव्या हाताची पट्टी साधी, उजव्या हाताच्या पट्टीचा कोपरा कापलेला. बाईंना ही रीत इतकी आवडली की त्यांनी मला ती एका नर्सला शिकवायला लावली. शिवाय बजावून सांगितलं, उजव्या हाताला भाजू द्यायचं नाही, टोचू द्यायचं नाही, जड कामाला तो हात लावायचा नाही.

अक्का सासरी परत जाणार, तर तिच्या छातीचं काय करायचं? ही लबाडी मला सुचली आणि ती चांगली होती, अजूनही म्हणेन. चोळीच्या उजव्या बाजूला आतून पिंजलेला कापूस भरला, डावीच्या बरोबरीने. चोळी घालून अक्का आरशापुढे उभी राहिली आणि रडली. बायको म्हणाली, देवाने हात दिलेत तुम्हाला. सोनगीरला गेल्यावर सासूने तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, नाव ठेवायला जागा सापडली नाही. दुसरीचा विषय काही महिने बंद पडला.

पावसाळाभर पट्ट्या बरोबर निघाल्या. दोन्ही हात सारखे. मी त्या बाईंना नेऊन द्यायचो, त्या टेपवर ठेवून वहीत उतरवायच्या.

दिवाळीच्या तोंडाशी अक्काने मला माजघरात बोलावलं आणि बाही वर करून दाखवली. चोळीची बाही आपल्याकडे दंडाला चापून बसते, ती जिथे संपते तिथे मांसात खोल वळ उमटला होता. मी पट्टी फिरवली. उजवा दंड डाव्यापेक्षा दोन सूत जास्त. दोन सूत म्हणजे पाव इंच, दुसऱ्या कोणाला ते कळलंही नसतं.

म्हटलं, "अक्का, उद्याच दवाखान्यात चल."

"किती दिस ठेवतीन?"

"महिनाभर. हात उंच बांधून."

तिने माझं मनगट धरलं. म्हणाली, "भाऊ, महिनाभर तठे राहिनू ते आठे दुसरी येई जाई. हात सुजना म्हणतीन, महारोग म्हणतीन. बाही सैल करी दे. कोणलेच सांगू नको."

मी काय करायला हवं होतं ते आता शेंबड्या पोरालाही सांगता येईल. दाजींची गचांडी धरून सांगायचं होतं. सासूच्या तोंडावर सांगायचं होतं. नाहीतर अक्काला सरळ उचलून मोटारीत घालायचं होतं, रडू दे नाहीतर शिव्या देऊ दे. पण खोटं कशाला बोलू, मला माझंही सुचत होतं. सोनगीरचं दुकान तुटलं तर माझं अर्धं काम जाणार होतं. अक्का कायमची माहेरी आली तर दोन खोल्यांत कुठे मावणार होती. हे सगळं माझ्या डोक्यात आलं, आणि तोंडाने मात्र मी म्हणालो, "रडू नको, करतो."

शिंप्याला हे किती सोपं! बाहीच्या शिवणीत आत कापड सोडलेलं असतंच. शिवण उसवायची, दोन सूत बाहेर सरकवायची, पुन्हा टीप मारायची. अर्ध्या घटकेचं काम. वळ गेला. अक्का हसली.

आता पट्टीचं काय? पट्टी तर बाईंकडे न्यायची होती. खरी पट्टी नेली तर त्या दुसऱ्याच दिवशी नर्स पाठवतील सोनगीरला, तशा त्या होत्याच. मी डाव्याच हाताभोवती दोन पट्ट्या फिरवल्या. एकीचा कोपरा कापला, ती उजव्याची. दोन्ही पट्ट्या बाईंच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी मापल्या आणि चष्मा काढून म्हणाल्या, "सूतभरही फरक नाही! तुम्ही फार काळजी घेता." बाकावर दोन बायका बसल्या होत्या, ताज्या ऑपरेशनच्या. बाईंनी त्यांना माझ्या पट्ट्या दाखवल्या आणि सांगितलं, भाऊ असावा तर असा. मी हात जोडून उभा होतो. लाज वाटली का? वाटली. पण पुढच्या महिन्यात मी तेच केलं.

चार वेळा उसवली मी ती बाही. दर वेळी थोडी जास्त. अक्काचा हात कोपराखालीही भरत चालला तेव्हा मी तिला पदर उजव्या खांद्यावरून पुढे सोडायला शिकवलं. बांगड्या मनगटात रुतायला लागल्या तेव्हा कासाराकडून मोठ्या मापाच्या आणून दिल्या आणि डाव्या हातातही तशाच भरायला लावल्या, म्हणजे फरक दिसू नये. काय हुशारी! एवढी अक्कल मी दुसऱ्या कशाला लावली असती तर आज माझं दुमजली घर असतं.

आणि दिसत नाही म्हटल्यावर त्या घराने काय केलं? हात बरा आहे असं धरून चालले. चुकलं का त्यांचं? त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. उन्हं तापायला लागली तशा सोनगीरला घरोघरी बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, सुरू झाल्या. ज्वारीच्या पिठाचं मोठं पातेलं चुलीवर, आणि ते घट्ट होईपर्यंत लाकडी दांड्याने हाटत बसायचं. दोन गड्यांचं काम, पण ते बायकांनाच करावं लागतं. सासूने अक्काला पातेल्यापुढे बसवलं. अक्का म्हणाली, हात जरा दुखस. सासू म्हणाली, "हात ते चांगला दिसस." खरंच होतं ते. दिसत चांगलाच होता, मीच तसा शिवला होता.

पिठाचा एक गोळा उडाला आणि अक्काच्या उजव्या मनगटावर चिकटला. रुपयाएवढा फोड आला. तिसऱ्या दिवशी हात खांद्यापर्यंत लालभडक, अंगात थंडी वाजून ताप, आणि बरळायला लागली तेव्हा दाजींनी मोटारीत घालून धुळ्याला आणली. निरोप आला तसा मी दुकान उघडं टाकून पळालो.

दवाखान्यात बांगड्या कापून काढल्या होत्या. चोळी काढून खाटेच्या पायथ्याशी टाकली होती. बाईंनी हात मापला, वही उघडली, माझं मागच्या महिन्याचं माप बघितलं, पुन्हा हात मापला. ताप आला तर हात सुजतो, त्यांनाही माहीत होतं. पण त्यांनी अंगठ्याने दंड दाबला, आणि म्हणाल्या, "हे मांस कडक झालंय. हे तीन दिवसांचं नाही." माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं.

मग त्यांनी ती चोळी उचलली. उजवी बाही उलटी केली. आतल्या कापडावर जुन्या टिपेची भोकं होती. खणाचं कापड दाट विणीचं असतं, सुईचं भोक त्यात बुजत नाही. एकाशेजारी एक, चार रांगा, आणि पाचवी शेवटची शिवण. बाईंनी बाही खिडकीत उजेडाला धरली. त्या शिंपी नव्हत्या, पण त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"ही पहिली कधी उसवलीत?"

"दिवाळीला."

"ही?"

"मार्गशीर्षात."

एकेका रांगेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं आणि मी सांगत गेलो. त्यांनी माझ्याच गळ्यातला टेप मागितला, रांगांमधलं अंतर मोजलं, आणि वहीत अक्काच्या नावापुढची माझी मापं खोडून ही लिहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "खरं माप तुम्ही घेतलं होतंत. फक्त मला दिलं नाहीत." पहिल्या रांगेवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे आली असती तर हा हात मी परत दिला असता."

अक्का वाचली. हात वाचला नाही. म्हणजे कापला नाही, पण तो मेल्या ओझ्यासारखा तिच्या अंगाला लटकत राहिला. लाट्या करता येईनात, वेणी घालता येईना, कुशीवर झोपता येईना. दाजी दोनदा आले आणि व्हरांड्यातूनच परत गेले. पुढच्या आखाजीच्या आत त्यांनी रावेरकडची मुलगी केली. ज्या एका गोष्टीच्या भीतीने आम्ही बहीणभावांनी एवढी लपवालपवी केली, ती गोष्ट झालीच, वर हातही गेला. सोनगीरचं कामही सुटलं, हेही सांगून टाकतो. मीच सोडलं असं मी लोकांना सांगायचो, पण त्यांनीच बंद केलं होतं.

अक्का सात वर्षं माझ्या घरी राहिली. दोन खोल्यांत मावली की नाही? मावली. बाईंनी तिला सोडलं नाही, आणि मलाही नाही. त्यांनी माझ्याकडून फलाटीनच्या जाड मऊ कापडाची एक बाही शिवून घेतली, मनगटापासून काखेपर्यंत, बाजूला बारीक भोकं पाडून त्यांतून नाडी ओवलेली, म्हणजे खालून वर ओढत घट्ट करता यावी. कुठे किती दाब हवा ते त्या सांगायच्या आणि मी उसवून पुन्हा शिवायचो. सहा बाह्या वाया गेल्या. सातवी जमली. अक्काचा हात तिने थोडा हलका व्हायचा, पण उतरायचा नाही. मात्र बाईंच्या इतर बायका, ज्या पहिल्याच सुताला आल्या, त्यांचे हात त्या बाहीने उतरले. चोपड्याची एक बाई माझ्या पाया पडायला दुकानात आली होती. दोन्ही हात जोडून दाखवले तिने, सारखे. मी तिला हाकलली. बायको म्हणाली, काय हो माणूस तुम्ही! अक्का आतून सगळं ऐकत होती.

त्याच दिवशी बाहीची नाडी आवळताना मी तिला विचारलं, माझा राग नाही येत का गं तुला? ती म्हणाली, "जल्मभर मन्ह कोणी ऐकं नही भाऊ. बापनी नही, नवरानी नही. तू एकलाच ऐकं. ते बी नेमकं हाईच ऐकं." मी नाडी ओढत राहिलो.

लढाईच्या शेवटच्या वर्षांत गाठ परत आली, पाठीच्या मणक्यात. दोन महिन्यांत आटोपलं.

नवरा जिवंत असताना गेली म्हणजे सवाष्ण गेली. सवाष्णीला हिरवी चोळी, हिरव्या बांगड्या, आणि ते सासरकडून यायला पाहिजे. लढाईमुळे कापड कुठे मिळत नव्हतं तेव्हा, पण त्यांचं दुकान होतं. दाजी, सासू आणि गावातली चार-दोन माणसं सोनगीरहून आली. चोळी तयारच शिवून आणली होती, कुठल्या तरी दुसऱ्या शिंप्याकडून. मी लांबूनच शिवण बघितली, बरी होती.

बायका आत अक्काला नेसवत होत्या. थोड्या वेळाने माझी बायको चोळी हातात घेऊन बाहेर आली. बाही कोपराच्या वर चढेना. कशी चढणार? सात वर्षांत त्यांच्यापैकी कोणी तो हात बघितलाच नव्हता, आणि त्यांच्या लेखी ताप उतरल्यावर तो पुन्हा तसाच झाला होता, मी शिवून दाखवला होता तसा, डाव्यासारखा.

सासू पार म्हातारी झाली होती. काठी टेकत माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, "भाऊ, तुमना हातले गुण शे. जराशी सैल करी द्या. लोकेसले दिसाले नको."

मी कात्री घेतली. बाहीच्या काठापासून खांद्यापर्यंत सरळ एक काप दिला आणि चोळी बायकोच्या हातात ठेवली.

"अशीच घाला."

"अहो, हात उघडा पडेल."

"पडू दे. पांघरुणाच्या वर ठेव."

सासूने पदर तोंडावर ओढला. दाजी एकदा बघून दुसरीकडे वळले. आग्रा रोडने नेताना माणसं थांबून बघत होती, आणि कोणीतरी मागून हातावर उपरणं टाकलं. मी ते काढून फेकलं. नदीपर्यंत मी तो हात कोणाला झाकू दिला नाही, सात वर्षं उशिरा.